भट्ट्या विझल्या तेव्हा मते फिरली नव्हती

अमेरिकेतील औद्योगिक कामगार रिपब्लिकन पक्षाकडे का वळला, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर २०१६ पासून दिले जात आहे. कारखाने बंद पडले, रोजगार गेले, म्हणून मते गेली, असे ते उत्तर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते चटकन पटण्याजोगे आहे. परंतु ओहायो राज्यातील महोनिंग काउंटीचे, म्हणजे एका कामगारबहुल जिल्ह्याचे, निकाल ओळीने मांडले की या उत्तरातील दुवा निखळतो.

यंगस्टाउन हे या काउंटीचे मुख्य शहर. पोलादावर वाढलेले आणि पोलादाबरोबरच खंगलेले. १९३० मध्ये तेथील लोकसंख्या सुमारे १ लाख ७० हजार होती. २०२० च्या शिरगणतीत ती ६० हजारांवर आली. १९ सप्टेंबर १९७७ रोजी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने आपला कॅम्पबेल येथील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे ५ हजार कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. ‘काळा सोमवार’ या नावाने तो दिवस तेथे ओळखला जातो. स्थानिक धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन, कारखाना कामगारांनी व नागरिकांनीच विकत घेऊन चालवावा, अशी योजना आखली. तिला सरकारी कर्जहमी हवी होती. १९७९ मध्ये कार्टर प्रशासनाने ती नाकारली.

कार्टर डेमोक्रॅटिक पक्षाचे. मतदार खिशाकडे पाहून मत देतो हे खरे मानले, तर १९८० मध्ये महोनिंगने त्यांना धडा शिकवावयास हवा होता. तसे घडले नाही; काउंटीने कार्टर यांनाच मताधिक्य दिले. १९८४ मध्ये रेगन यांनी ४९ राज्ये जिंकली, तेव्हाही महोनिंग मॉन्डेल यांच्या पाठीशी उभी राहिली. ज्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराला कामगार नेते शिव्या देत होते, त्यावर क्लिंटन यांनी १९९३ मध्ये स्वाक्षरी केली. १९९६ मध्ये महोनिंगची मते क्लिंटन यांनाच. २०१२ मध्ये, म्हणजे काळ्या सोमवारानंतर ३५ वर्षांनी, ओबामांना तेथे सुमारे ६३ टक्के मते पडली.

या निष्ठेचे मूळ पगारपत्रकात नव्हे, कामगार संघटनेत शोधावे लागेल. १९३७ च्या पोलाद संपात या शहरात रक्त सांडले होते. संघटनेला मान्यता मिळाली ती त्यानंतर काही वर्षांनी. तक्रार कोठे न्यावी, मत कोणाला द्यावे, हे संघटनेच्या कचेरीत ठरे. भट्टी विझल्यावरही निवृत्तिवेतन घेणारा वृद्ध कामगार मनाने संघटनेचाच राहिला. पण त्याच्या मुलांच्या वाट्याला ती कचेरी आली नाही. देशभरात १९८३ मध्ये सुमारे २० टक्के नोकरदार संघटित होते. २०२४ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली गेले.

आणखी एक गोष्ट सहसा दबक्या आवाजातच बोलली जाते. कारखाने गेले तेव्हा कृष्णवर्णीय कामगारांचेही रोजगार गेले. तरीही, जेथे त्यांची वस्ती मोठी आहे ते यंगस्टाउन शहर डेमोक्रॅटिकच राहिले. पारडे फिरले ते भोवतालच्या, मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या उपनगरांत. केवळ बेकारीने याचा उलगडा होत नाही.

२०१६ मध्ये हिलरी क्लिंटन येथे जेमतेम ३ टक्क्यांनी तरल्या. २०१७ च्या जुलैमध्ये ट्रम्प यांनी यंगस्टाउनच्या सभेत, रोजगार परत येत आहेत, घरे विकू नका, असे सांगितले. २०१९ च्या मार्चमध्ये शेजारच्या ट्रम्बुल काउंटीतील जनरल मोटर्सचा लॉर्ड्सटाउन कारखाना बंद पडला. आणि २०२० मध्ये महोनिंगने ट्रम्प यांना निवडले! १९७२ च्या निक्सन यांच्यानंतर तेथे जिंकलेले ते पहिलेच रिपब्लिकन उमेदवार. आश्वासन मोडूनही निष्ठा मिळते, हा कार्टर यांचा अनुभव ४० वर्षांनी दुसऱ्या पक्षाच्या वाट्याला आला, एवढाच फरक.

लॉर्ड्सटाउनजवळ पुढे विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील कामगारांनी ७१० विरुद्ध १६ मतांनी मोटार कामगार संघटनेला कौल दिला. २०२४ मध्ये ट्रम्बुल आणि महोनिंग या दोन्ही काउंट्या ट्रम्प यांच्याकडेच राहिल्या. महोनिंगमधील मताधिक्य तर वाढलेच.