अंदमानला निघालात? घड्याळ नको, सावली बघा!

सहलीची बॅग भरताना आपल्याकडे आधी काय आठवतं? चिवडा, खाकरे, उलटीची गोळी, चार्जर. सनस्क्रीनची ट्यूब सगळ्यात शेवटी, कुठल्या तरी कप्प्यात कोंबलेली आणि बहुतेक वेळा घरीच अर्धी संपलेली. मग तिसऱ्या दिवशी रात्री हॉटेलच्या खोलीत मुलांचे खांदे लालबुंद, पाठीला चादर टेकवत नाही आणि सगळं कुटुंब बर्फ कुठे मिळेल याच्या शोधात. (बर्फ लावायचा नसतोच, ते पुढे सांगते.)

उन्हाबद्दल आपण सगळे एकच नियम ऐकत मोठे झालो आहोत : दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका. मुंबई, पुणे, इंदूर, वडोदरा अशा ठिकाणी तो बऱ्यापैकी चालतो. अंदमानात मात्र फसतो. का, ते बघा. संपूर्ण भारताचं घड्याळ एकच आहे, पण सूर्य सगळीकडे एकाच वेळी डोक्यावर येत नाही. मुंबईत तो साडेबारा-पाऊणच्या सुमारास सर्वांत वर येतो. स्वराज द्वीप, म्हणजे आपण अजून ज्याला हॅवलॉक म्हणतो ते बेट, मुंबईच्या खूप पूर्वेला आहे. तिथे हीच वेळ साधारण सव्वाअकराला येते. थोडक्यात, तुमच्या मनगटावर पावणेनऊ वाजलेले असतात तेव्हा तिथलं ऊन मुंबईच्या दहाच्या उन्हासारखं असतं.

आता सहलीचं वेळापत्रक आठवा. एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंगला बोट सकाळी निघते. आपण म्हणतो, छान, बाराच्या आत परत येऊ, ऊन लागणार नाही. प्रत्यक्षात दिवसातलं सर्वांत कडक ऊन आपण पाण्यात पालथं पडून, उघड्या पाठीवर घेतलेलं असतं. पाणी थंड लागतं, वारा सुटलेला असतो, त्यामुळे काही जाणवतही नाही. पाणी अतिनील किरणांना पूर्ण अडवत नाही, त्यामुळे अर्धा मीटर खोलीवरही त्यांचा बराच भाग पोचतो. पांढरी वाळू आणि लाटांचा फेस उरलेलं काम करतात, कारण ते किरण खालून पुन्हा तुमच्याकडेच परत पाठवतात. म्हणून नुसत्या छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो.

गंमत म्हणजे उन्हापासून अंग कसं झाकायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. नागपुरात एप्रिल महिन्यात स्कूटीवरून जाणारी मुलगी बघा : स्टोल, गॉगल, हातमोजे, सनकोट, डोळे सोडून काही दिसत नाही. तीच मुलगी समुद्रकिनारी बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये चार तास फिरते. कारण एकच, तिथे उकाडा कमी वाटतो. पण त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, उष्णतेने नव्हे. डिसेंबरातही, हवा छान असताना आणि आकाशात पातळ ढग असतानाही अंग भाजू शकतं.

मग कोणत्या वेळी बाहेर पडायचं? सावली बघा. सरळ उभे राहा आणि तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान आहे का ते पाहा. लहान असेल तर ऊन कडक आहे, अंग झाका किंवा आडोशाला जा. उंचीपेक्षा लांब असेल तर थोडी मोकळीक घ्यायला हरकत नाही. एप्रिलच्या सुट्टीत हॅवलॉकला सकाळी साडेआठच्या आतच सावली तुमच्यापेक्षा आखूड झालेली असते आणि दुपारी अडीचपर्यंत पुन्हा लांब होते. त्यामुळे पाण्यात मनसोक्त खेळायचं असेल तर सकाळी आठच्या आधी किंवा दुपारी तीननंतर. राधानगर बीच पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे दुपारी तीननंतर जा. सूर्यास्त साडेपाचच्या आसपास होतो, अडीच तास पुरेसे आहेत. लक्षद्वीपला मात्र उलटं होतं. तो भाग मुंबईच्याच रेषेत आहे, त्यामुळे तिथे एप्रिलमध्ये साडेतीनलाही सावली आखूडच असते. बाली असो, मॉरिशस असो, सावली कुठलंच घड्याळ मानत नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो, त्यांच्यावरच सोपवून टाका.

सनस्क्रीनचं गणित सांगते, कारण इथे आपण सगळेच कंजुषी करतो. मोठ्या माणसाला पूर्ण अंगाला एकदा लावायला साधारण 30 ते 35 ग्रॅम लागतं. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब दोनदा सुद्धा पुरत नाही! आणि ते दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसल्यावर पुन्हा लावायचं असतं. चौघांच्या कुटुंबाचा पाच दिवसांचा हिशेब करून बघा, विमानाचं तिकीट स्वस्त वाटेल. म्हणून माझं स्पष्ट मत : पैसे आधी कपड्यांवर घाला. पोहताना पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा स्विमिंग टी-शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची पँट. पांढरा सुती टी-शर्ट ओला झाला की त्याचा उपयोग खूपच कमी होतो. रुंद काठाची टोपी घ्या, क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडीच ठेवते. मग सनस्क्रीन उरतं फक्त चेहरा, मान, हात, पावलं यांच्यापुरतं.

चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं लागतं. बाहेर पडण्याआधी 15-20 मिनिटं लावा. एसपीएफ 30 किंवा 50 घ्या, दोघांत फरक फार थोडा आहे. पण एसपीएफचा आकडा प्रामुख्याने भाजण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगतो. काळे डाग आणि अकाली सुरकुत्यांना जबाबदार असलेल्या यूव्हीए किरणांसाठी डब्यावर पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं आहेत का बघा, जितकी जास्त तितकं चांगलं. कानाच्या पाळ्या, केसांचा भांग, पावलांचा वरचा भाग, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि ओठ हमखास विसरतात. खोबरेल तेल सनस्क्रीन नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

''आपली त्वचा सावळी, आपल्याला काय होतंय?'' हेही ऐकलं असेल. सावळी त्वचा उशिरा भाजते हे खरं. पण वांग आणि काळे डाग आपल्याकडे सहज उठतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. रंग दोन छटा गडद झाला तर बिघडत नाही, तो उतरतो. वांग इतक्या सहज उतरत नाही. ज्यांना आधीच वांग आहे त्यांनी लोह ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्यावं, ते दृश्य प्रकाशालाही अडवतं.

घरात कुणी मुरुमांसाठी किंवा रक्तदाबासाठी गोळ्या घेत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी ऊन जास्त बाधतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावू नका, त्याला सावलीतच ठेवा.

आणि लिंबू! किनाऱ्यावर लिंबू पिळून शहाळं-सरबत प्यायचं असेल तर हात साबणाने धुऊनच उन्हात जा. लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं की फोड येऊ शकतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. घरी आल्यावर टॅन घालवायला लिंबू-बेसनाचा लेपही नको.

एवढं करूनही अंग भाजलंच, तर साधं गार पाणी किंवा ओला मऊ कपडा ठेवा, मग कोरफडीचा गर किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नको. भरपूर पाणी प्या, पुढचे दोन-तीन दिवस ती जागा उन्हात नेऊ नका. फोड फोडू नका. ताप, थंडी, चक्कर, उलट्या असं काही दिसलं, विशेषतः लहान मुलांमध्ये, तर पुढच्या बेटाची बोट सोडा आणि आधी डॉक्टर गाठा.