पत्रास कारण की...



पत्रास कारण की, आपल्याकडे इंग्रजीत अर्ज लिहायला बसलेला मुलगा आधी विषय सोडून बाकी सगळं लिहितो! यंदा मी मेस कमिटीवर आहे. त्यामुळे होस्टेलच्या पोरांचे अर्ज रेक्टर सरांकडे जाण्याआधी माझ्या हातातून जातात. बहुतेक सगळे इंग्रजीत, कारण कागद इंग्रजीत असला की काम लवकर होतं अशी आपली एक श्रद्धा आहे. त्यातला एक नमुना सांगतो. (नाव सांगणार नाही, घाबरू नका.)

'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह मेन्शन्ड सब्जेक्ट, आय द अंडरसाइन्ड, स्टुडंट ऑफ युअर एस्टीम्ड इन्स्टिट्यूट, बेग टू स्टेट दॅट...' इथपर्यंत तीन ओळी झाल्या. मग अर्जदार कुठल्या वर्षाला, कुठल्या ब्रँचला, कुठल्या खोलीत राहतो ते आलं. मग पाणी हे माणसाच्या जीवनात किती महत्त्वाचं आहे ते आलं. आणि अगदी शेवटी, 'थँकिंग यू'च्या जेमतेम एक ओळ आधी कळलं, की पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलंय आणि आत कबुतराची पिसं पडतायत. वर 'सब्जेक्ट'पुढे काय लिहिलं होतं? फक्त 'अ‍ॅप्लिकेशन'. म्हणजे 'अबव्ह मेन्शन्ड सब्जेक्ट' मुळात वर कुठं मेन्शन झालेलाच नव्हता!

हसू येतं खरं, पण त्या टाकीचं पाणी अख्खा मजला पितो. रेक्टरांच्या टेबलावर असे कागद एकावर एक पडलेले असतात. वाचणारा माणूस वरच्या दोन ओळी बघतो आणि ठरवतो, हे आज बघायचं की उद्या. पिसांची गोष्ट तेराव्या ओळीत असेल, तर तो अर्ज उद्यावरच जाणार.

माझं म्हणणं असं की हा दोष त्या मुलाच्या इंग्रजीचा नाही. त्याची स्पेलिंगं बरोबर होती, व्याकरणही ठीक होतं. घोटाळा त्याच्या समजुतीत आहे. फॉर्मल इंग्रजी म्हणजे विषयाभोवती घातलेल्या प्रदक्षिणा, असं त्याला वाटतं. आणि हे त्याला कुणीतरी शिकवलंय. शाळेतल्या गाईडातलं 'लेटर रायटिंग', सीनियरकडून आलेली सॉफ्ट कॉपी, ऑफिसबाहेर चिकटवलेला नमुना, सगळीकडे हेच. आता मोबाइलवर चॅटजीपीटीला सांगितलं की अर्ज क्षणात तयार मिळतो. पण काय झालंय आणि काय हवंय हे आपण त्याला नेमकं सांगितलं नाही, तर तोही बिचारा 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' पासूनच सुरुवात करतो. विषय काय आहे हे त्याला तरी कुठं माहीत असतं?

गंमत म्हणजे, मराठीत आपण असे नव्हतो. आपल्या आजोबांची पोस्टकार्डं काढून बघा. वर 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. एका दमात नमस्कार उरकला, आणि पुढे लगेच 'पत्रास कारण की'. त्यानंतर कारण! बैल आजारी आहे, धाकटीचं लग्न ठरलं, पैसे पाठव, जे असेल ते. एवढ्याशा कार्डावर जागाच नसायची, मग पाल्हाळ कुठला लावणार? इंग्रजीतलं 'आय अ‍ॅम रायटिंग टू' हे दुसरं तिसरं काही नसून आपलं 'पत्रास कारण की'च आहे. ज्याला हे उमगलं, त्याला फॉर्मल इंग्रजीची निम्मी भीती उरायचं कारण नाही.

मग 'बेग टू स्टेट' आलं कुठून? साहेबाच्या कचेरीतून. तिथे अर्जदाराने वाकून उभं राहायचं, आणि त्याच्या वाक्यानेही वाकायचं. पण खुद्द साहेबाने ते कधीच सोडायला घेतलं. ब्रिटिश सरकारच्या ट्रेझरी खात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स नावाच्या अनुभवी अधिकाऱ्याला सरकारी इंग्रजी सुधारण्यासाठी पुस्तक लिहायला सांगितलं. त्यांचं 'प्लेन वर्ड्स' १९४८ साली निघालं आणि पुढे १९५४ साली 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' आलं. सरकारी पत्रांची ठोकळेबाज सुरुवात हा त्यांच्या टीकेचा एक विषय होता. अमेरिकेत २०१० साली तर सरकारी कागद लोकांना कळेल अशा भाषेत लिहावेत म्हणून 'प्लेन रायटिंग अ‍ॅक्ट' हा कायदाच झाला. आणि आपण? आपण अजून 'बेग' करतोय!

असो. नुसती टीका करून उपयोग नाही, म्हणून मला उपयोगी वाटलेल्या सुरुवाती सांगतो. चारच आहेत.

पहिली, कोरं पत्र. आधी काही पत्रव्यवहार झालेला नाही, आपणच सुरुवात करतोय. इथे 'आय अ‍ॅम रायटिंग टू' आणि पुढे एक क्रियापद. काही मागायचं तर 'रिक्वेस्ट', कळवायचं तर 'रिपोर्ट' किंवा 'इन्फॉर्म', नोकरीसाठी 'अप्लाय', पक्कं करायचं तर 'कन्फर्म'. हे क्रियापद ठरवताना आपलं आपल्यालाच कळतं की आपल्याला नक्की काय हवंय. ज्याला ते ठरवता येत नाही, त्याने अर्ज लिहायची घाई करू नये.

दुसरी, उत्तराचं पत्र. समोरून आधी काहीतरी आलेलं आहे. इथे 'विथ रेफरन्स टू युअर लेटर डेटेड' आणि पुढे तारीख. 'विथ रेफरन्स टू'चं खरं घर हे. वाचणाऱ्याला जुना कागद शोधता यावा म्हणून ते असतं, शोभेसाठी नाही. ज्याचा रेफरन्स द्यायचा तो कागदच नसेल, तर ते लिहायचंच नाही.

तिसरी, बोलणं झाल्यानंतरचं पत्र. सरांशी फोनवर किंवा केबिनमध्ये बोलणं झालंय, आता लेखी द्यायचंय. तेव्हा 'फरदर टू अवर कन्व्हर्सेशन ऑन मंडे'. ह्या पाच-सहा शब्दांनी आपण कोण, कशाबद्दल, हे सगळं त्यांना एकदम आठवतं.

चौथी, पत्राच्या मधेच विषय बदलताना. मेसच्या बिलाबद्दल लिहून झालं, आता गिझरबद्दल लिहायचंय. तिथे 'अ‍ॅज फॉर द गिझर' किंवा 'विथ रिगार्ड टू द गिझर' म्हणायचं. इथे एक खाचखळगा आहे. 'विथ रिगार्ड टू' मध्ये शेवटी 'एस' नाही, पण 'अ‍ॅज रिगार्ड्स' मध्ये आहे. आणि पत्राच्या शेवटी येणारे 'रिगार्ड्स' हे वेगळेच, ते नमस्कारवाले. तसंच 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'डिस्कस'च्या पोटात 'बद्दल' आधीच बसलेला आहे.

आणि सब्जेक्ट लाइन? तिथे 'अ‍ॅप्लिकेशन', 'रिक्वेस्ट', 'रिगार्डिंग प्रॉब्लेम' असलं काही नको. 'ब्रोकन लिड ऑन ड्रिंकिंग वॉटर टँक, थर्ड फ्लोअर'. बस्स! अर्ज उघडला नाही तरी निरोप पोहोचला.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या एका ओळीचं? आपण इंजिनिअर होणार, आपलं काम मशीनशी. त्यांच्यासाठी आपल्याच धंद्यातली दोन उदाहरणं देतो.

चॅलेंजर यानाचे सॉलिड रॉकेट बूस्टर मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवायची. तिथले इंजिनिअर रॉजर बॉइजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी आपल्या व्हाइस प्रेसिडेंटला एक मेमो लिहिला. विषयाच्या ओळीतच ओ-रिंगची झीज आणि संभाव्य बिघाड होता. पहिल्या वाक्यात त्यांनी सांगून टाकलं, की ओ-रिंगच्या झिजेचा प्रश्न किती गंभीर आहे हे व्यवस्थापनाला पुरतं कळावं म्हणून हे पत्र आहे. ना 'बेग', ना 'एस्टीम्ड'. त्याच कंपनीतल्या बॉब एबेलिंग यांचा १ ऑक्टोबर १९८५ चा मेमो तर एकाच शब्दाने सुरू होतो, 'हेल्प!' त्यानंतर २८ जानेवारी १९८६ रोजी कडक थंडीत चॅलेंजर उडवलं गेलं, ७३ सेकंदांत फुटलं आणि सात जण गेले. म्हणजे चांगली सुरुवात केली की वरचे ऐकतातच असं नाही, हे मी मान्य करतो. पण पुढे चौकशी झाली तेव्हा हे कागद समोर आले, आणि इंजिनिअरांनी इशारा दिला नव्हता असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही.

दुसरं उदाहरण उलटं आहे. आपली कल्पना चावला, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजची विद्यार्थिनी, जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानात होती. उड्डाणाच्या वेळी टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच त्यावर इंजिनिअरांनी स्लाइड्स तयार केल्या. त्यातल्या एका महत्त्वाच्या स्लाइडचं शीर्षक वाचलं तर वाटावं, जुन्या चाचण्यांवरून काळजीचं कारण दिसत नाही. आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, खरी गोष्ट होती. चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आणि प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारी २००३ रोजी यान परतताना तुटलं, सातही जण गेले. अपघाताला कारणं अनेक होती, एका स्लाइडवर सगळं ढकलता येणार नाही. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात ह्या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. महत्त्वाचा आकडा तळाला गाडला गेला होता, हे त्यांनाही खटकलं.

कबुतराची पिसं आणि यानाचा पंख यांची तुलना करायची नाही मला. पण सवय एकच आहे. जो मुलगा आज टाकीचं झाकण तेराव्या ओळीत लिहितो, तोच चार वर्षांनी एखाद्या प्लँटवर बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल मेल लिहिणार आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. 'असं थेट विषयावर येणं उद्धटपणाचं नाही का? मोठ्यांशी बोलतोय आपण!' माझ्या मते नाही. अदब 'डियर सर' मध्ये आहे, 'कुड यू प्लीज' मध्ये आहे, शेवटच्या आभारात आहे. आणि सगळ्यात मोठी अदब म्हणजे समोरच्याचा वेळ न खाणे. हां, एखाद्याच्या घरी वाईट घडलंय किंवा एखाद्याला नकार कळवायचाय, तिथे एक वाक्य सांत्वनाचं, समजुतीचं आधी यायलाच हवं. पण एकच, आणि मनापासून.

आता थोडं आपल्या सेमिनारबद्दल. (पाहा, विषय बदलला आणि सांगून बदलला!) 'मायसेल्फ अमुक तमुक, टुडे आय अ‍ॅम गोइंग टू डिस्कस अबाउट...' ही सुरुवात प्रत्येक वर्गात घुमते. रिपोर्टचं पहिलं पान उघडावं तर 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड, टेक्नॉलॉजी इज...' अरे, टुडेचं वर्ल्ड मॉडर्नच असणार! १९५३ साली 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा जो लेख आला, तो जेमतेम पानभराचा होता. त्याचं पहिलंच वाक्य सांगतं की आम्ही डीएनएची एक रचना सुचवत आहोत. मानवजातीच्या इतिहासाची प्रस्तावना नाही, विज्ञानाचे फायदे-तोटे नाहीत. एवढा मोठा शोध एका वाक्यात विषयावर येऊ शकतो, तर आपल्या मिनी प्रोजेक्टला दोन पानं कशाला लागतात?

इथे सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. पानं मोजून मार्क मिळतात असा आम्हा मुलांचा समज आहे, आणि तो सगळाच खोटा नाही. इंट्रोडक्शन तीन पानांचं नसेल तर फाइल परत येते, मग आम्हीही कॉपी-पेस्टचं पाणी घालून डाळ वाढवतो. पहिल्या परिच्छेदात 'काय केलं आणि का केलं' हे लिहिणाऱ्याला एकदा दोन मार्क जास्त देऊन बघा. पुढच्या बॅचच्या फायली आपोआप पातळ होतील.

आणि मराठी मीडियमच्या मित्रांनो, तुमच्यासाठी खास. मीही तुमच्यातलाच. आपल्याला वाटतं, जड शब्द वापरले की आपलं मीडियम लपेल. लपत नाही, आणि लपवायचं कारणही नाही. साध्या इंग्रजीत पहिल्याच वाक्यात मुद्दा मांडणारा मुलगा इंटरव्ह्यूमध्येही वेगळा दिसतो, कारण त्याला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक असतं.

तर एक प्रयोग करू या. पुढचा अर्ज लिहाल तेव्हा कागदावर आधी मराठीत एक वाक्य लिहा, 'पत्रास कारण की' आणि पुढे कारण. ते वाक्य इंग्रजीत करा आणि अर्जाची पहिली ओळ म्हणून ठेवा. खाली काय उरतं ते बघा. बहुतेक वेळा तारीख, खोली नंबर आणि सही, एवढंच उरेल. मेस कमिटीकडे असा अर्ज आला, तर तो त्याच दिवशी रेक्टर सरांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवायचं काम माझं.