मुक्या सोबतीचे स्मरण



नांदेडचा मोंढा असो वा लातूरची गंजगोलाई, आडत आणि किराण्याचा व्यापार करणाऱ्या आपल्या घरांना मांजर परके नाही. धान्याची पोती आली की उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग मांजर. हे नाते फार जुने आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेले आढळले. २००४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. शेती स्थिरावत होती, त्या काळीही कोणाला तरी आपल्या मांजराला मृत्यूनंतर माणसाजवळ जागा द्यावीशी वाटली होती.

माळवदाच्या वाड्यांतून आपण सदनिकांत आलो. उंदरांसाठी मांजर पाळण्याचे दिवस सरले, तरी मांजर राहिलेच. दहा-पंधरा वर्षे ते घरात वावरते, आजीच्या पायाशी निजते, शाळेतून येणाऱ्या मुलाची चाहूल घेते. ते गेले की घर सुने होते. मूल रडू लागते, तेव्हा वडीलधारी माणसे समजावतात, 'मांजरच तर होते, दुसरे आणू.' हेतू चांगला असतो. पण मुलाच्या मनात एवढेच उरते की, ज्या जिवावर आपण माया केली त्याची जागा कोणीही भरून काढू शकते. सर्व जीवांविषयी मैत्री शिकवणाऱ्या घरातून हा धडा जाऊ नये.

काही घरांत आणखी एक शंका निघते. मांजर शिकार करणारे. त्याच्यासाठी श्रावकाने अश्रू ढाळावेत का? हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात मांजर, कुत्रा आदींचे पोषण द्रव्यलाभासाठी करणे वर्ज्य सांगितले आहे. तेथे 'द्रव्यलाभासाठी' हा शब्द महत्त्वाचा आहे. दाराशी आलेल्या भुकेल्या पिल्लाला आसरा देणे हा व्यापार नव्हे. जीवंधरकुमाराची कथा आपण जाणतोच. मार खाऊन मरणासन्न झालेल्या कुत्र्याजवळ तो थांबला, त्याला त्याने नमस्कार मंत्र ऐकवला आणि त्या जिवाला पुढे यक्षाची गती लाभली. त्या कुत्र्याची योग्यता तपासत तो बसला नाही.

मात्र इष्टवियोगाचे आर्तध्यान शास्त्राने हितकर मानलेले नाही. मग स्मरण कसे करावे? गेलेल्या जिवाने जे शिकवले ते पुढच्या जिवाच्या उपयोगी आणावे, हाच त्याचा मार्ग दिसतो.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दूध-पोळीवर मांजर जगते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. पूर्वीचे मांजर उरलेली गरज बाहेर शिकार करून भागवत असे; सदनिकेत कोंडलेल्या मांजराला तो मार्ग नाही. मांजराला टॉरिन नावाचे पोषकद्रव्य आहारातून मिळावेच लागते. ते दीर्घकाळ मिळाले नाही, तर दृष्टी जाते, हृदय दुर्बल होते. दूधही पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही. तेव्हा शाकाहारी कुटुंबाने पिल्लू घरी आणण्याआधीच आहाराविषयी पशुवैद्यांशी मोकळेपणाने बोलावे. ते अन्न देणे आपल्या व्रताला मानवणार नसेल, तर पिल्लू न आणणे हीही दयाच होय. लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि नांदेडकरांना जवळच्या परभणीला पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. आणखी एक लक्षात ठेवावे : आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. मांजर आपला आजार लपवते. दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर थांबू नये.

आणि ज्यांच्या घरातून ते आधीच गेले आहे, त्यांनी मुलाला निरोपात सहभागी करून घ्यावे. लिंबाच्या झाडाखाली खोल खड्डा घेऊन त्याला माती द्यावी, नमस्कार मंत्र म्हणावा, त्याच्या खोड्या आठवून हसावे आणि रडूही द्यावे. त्याची वाटी टाकू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती पाण्याने भरून अंगणात ठेवावी. तहानेला जीव कोणताही असो, तो तेथे येईल. रोज सकाळी ती वाटी धुऊन भरण्याचे काम त्या मुलाकडेच सोपवावे.