गोंदण तेच, कातडी नवी

माझ्या आईच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले आहे. लहानपणी, गावच्या जत्रेत गोंदून घेतलेले. परवा माझी भाची तो हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, शरीर दर सात वर्षांनी सगळे नवे होते ना? मग हे कसे गेले नाही?" आईने "मेल्यावर सोबत येते ते एवढेच," असे सांगून तिची बोळवण केली. मी मात्र पुस्तके काढून बसले.

मुळात सात वर्षांचा हिशेबच खरा नाही. शरीराला एकच एक वय नसते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत गळून पडतात. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो. (आंघोळीला अंग घासताना निघणाऱ्या मळात हाच जुना थर असतो!) रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिची जागा भरायला हाडांतील मज्जा दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी तयार करते. रक्त दिले की कायमचा अशक्तपणा येतो म्हणणाऱ्या काकांना हा आकडा जरूर ऐकवा. हाडांचा कारभार संथ. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा वर्षाला जेमतेम दहावा भाग नवा होतो.

पण पेशीचा जन्मदाखला मिळतो कुठे? अणुबाँबच्या चाचण्यांत! १९६३ च्या करारापूर्वी बड्या राष्ट्रांनी उघड्यावर केलेल्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला, मग वर्षागणिक उतरत गेला. हवेतून तो झाडांत, धान्यातून आपल्या पोटात आला आणि जन्मणाऱ्या प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये त्या-त्या काळाची खूण राहिली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही खूण वाचून दाखवली. मेंदूच्या बाह्यपटलातील चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. २००९ मध्ये हृदयाचा हिशेब लागला : पंचविशीत वर्षाला एक टक्का स्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. जन्मभरात निम्म्या पेशीही नव्या होत नाहीत. पक्षाघात किंवा हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर मिनिटे मोजतात, ती यासाठी. तिथे गेलेले सहसा भरून येत नाही.

राहिले गोंदण. त्याची शाई वरच्या थरात नसतेच, ती खालच्या थरात असते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. त्याही कधी तरी मरतात, पण सांडलेले कण शेजारी आलेल्या नव्या पेशी लगेच गिळतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे पडताळून पाहिले.

भाचीला हे सगळे सांगितले. "म्हणजे शाई जुनी आणि सांभाळणारे नवे?" तिने विचारले. अगदी तसेच. आईच्या वृंदावनाच्या कडा आता जरा पसरल्या आहेत, पण मंजिऱ्या ओळखू येतात. भाचीने त्या मोजूनही पाहिल्या.