वाऱ्याची वीज टाकीत साठवणारे गुरुजी



धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी रांजणात भरून ठेवता येते. वीज मात्र तशी भरून ठेवता येत नाही. तारेतून येणारी वीज त्याच क्षणी वापरावी लागते, नाहीतर तिचे रूप पालटून ठेवावे लागते. सौर पॅनेल दुपारी वीज देते आणि दिवा रात्री लागतो. वारा रात्री सुटतो आणि गिरणी दिवसा चालते. हा मेळ घालण्याचा एक मार्ग म्हणजे विजेचा हायड्रोजन करून ठेवणे. आजकाल वर्तमानपत्रांतून 'हरित हायड्रोजन' हा शब्द वारंवार येतो. पण हा विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि तो प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणला तो एका खेड्यातील शाळामास्तरांनी.

डेन्मार्क देशात आस्कोव्ह नावाचे खेडे आहे. तेथील लोकविद्यालयात शेतकऱ्यांची तरुण मुले-मुली शिकत. पोल ला कूर हे १८७८ साली तेथे शिक्षक म्हणून आले. शहरांत विजेचे दिवे येऊ लागले होते, खेडी मात्र अंधारात होती. ज्ञानाचा आणि यंत्राचा लाभ खेड्यालाही मिळाला पाहिजे, या तळमळीने त्यांनी सरकारी अनुदान मिळवून १८९१ साली प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. चक्कीला डायनामो जोडला, वीज तयार झाली. पण वारा पडला की दिवाही गेला! मग त्यांनी ती वीज पाण्यात सोडली.

पाण्यात वीज सोडली की काय होते, हे आपली मुले शाळेत शिकतातच. पाण्यात दोन पट्ट्या बुडवायच्या आणि त्यांना एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची दोन टोके जोडायची. वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात थोडे आम्ल किंवा अल्कली घालावी लागते. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात, धन टोकाशी प्राणवायूचे. हायड्रोजन आकारमानाने प्राणवायूच्या दुप्पट निघतो. यालाच विद्युत अपघटन म्हणतात. ला कूर यांनी हा हायड्रोजन १२ घनमीटरच्या टाकीत साठवला आणि १८९५ ते १९०२ या काळात विद्यालयाचे दिवे त्यावर जळले. वारा नसला तरी मुलांचा अभ्यास थांबला नाही.

हे काम बिनधोक मात्र नव्हते. हायड्रोजनमध्ये थोडा प्राणवायू मिसळला गेला की स्फोट होई आणि विद्यालयाच्या खिडक्यांच्या काचा फुटत. हा वायू रंगहीन, गंधहीन असतो आणि हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत मिसळला असता पेट घेऊ शकतो. म्हणून मुलांना हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करू द्यावा. पाण्यात मीठ टाकून तर मुळीच करू देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

आता थोडा हिशेब पाहू. ला कूर यांच्या त्या १२ घनमीटर टाकीत हायड्रोजन भरे तो जेमतेम एक किलो! हा वायू इतका हलका की तो साठवायचा तर आज प्रचंड दाबाने टाकीत कोंबावा लागतो. एक किलो हायड्रोजन करण्यास सुमारे ९ लिटर पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एका किलोत सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. इंधनघटात घालून त्याची पुन्हा वीज केली तर हाती १५ ते २० युनिटच येतात. म्हणजे शंभर युनिट घातले, तर तीस-चाळीस परत मिळाले. चांगली बॅटरी शंभरातले पंच्याऐंशी तरी परत देते. तेव्हा घरातील दिव्या-पंख्यासाठी बॅटरीच बरी. हायड्रोजनचे खरे काम दुसरीकडे आहे. युरिया करण्यासाठी हायड्रोजन लागतो, तो आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. लोखंड गाळण्यासाठी कोळशाऐवजी तो वापरता येतो. कित्येक महिने ऊर्जा साठवून ठेवायची असली, तरीही तो उपयोगी पडतो. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली, ती मुख्यतः अशा कामांसाठी.

हा हिशेब आम्ही सविस्तर मांडला, त्याला कारण आहे. 'पाण्यावर चालणारी गाडी' काढली, असे सांगत कोणी ना कोणी अधूनमधून पुढे येतो आणि भोळ्या माणसांचे पैसे त्यात गुंततात. पाणी हे इंधन नाही. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतली राखच म्हणा ना! त्या राखेतून पुन्हा लाकूड करायचे तर जळताना मिळाली त्याहून अधिक ऊर्जा घालावी लागते. ती कोठून आणली, एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले नाही, तर खिशाला हात घालू नये.

ला कूर १९०८ साली वारले. तत्पूर्वी १९०४ पासून त्यांनी खेड्यांतील तरुणांना वीजकामाचे शिक्षण देण्यास आरंभ केला होता. पुढे त्यांनी स्वतः हायड्रोजन सोडून विद्युतघटांचा अवलंब केला, कारण हिशेबात ते सरस ठरले. आपल्याच प्रयोगापेक्षा चांगले साधन दिसताच ते स्वीकारण्याचा मोकळेपणा त्यांच्यापाशी होता. टाकीतला वायू केव्हाच संपला. पण त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आपापल्या गावी गेली आणि तेथे दिवे लागले. आपल्या मुला-मुलींतील कोणाला वीजकामाची आवड असेल, तर त्यांना ही हकिकत अवश्य वाचून दाखवावी, आणि हायड्रोजनचा हिशेब त्यांच्याकडून एकदा पाटीवर मांडून घ्यावा.