सन्मान कोणाचा आणि नोंद कोणाची?

दिनांक 8 डिसेंबर 2025 रोजी डॉ. बाबा आढाव पुण्यात वयाच्या 95व्या वर्षी निवर्तले. ज्यांच्या धोरणांवर त्यांनी जन्मभर टीका केली, त्यांनीही त्या दिवशी आदरांजली वाहिली. ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालविणाऱ्या या पुरुषाविषयी आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. ज्यांस मालक नाही, पगारपत्रक नाही आणि हजेरीचे पुस्तकही नाही, अशा श्रमिकांचा कैवार घेणाऱ्याचा गौरव व्हावा, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कैवाऱ्याच्या गळ्यात हार पडला म्हणून ज्यांचा कैवार घेतला त्यांच्या पदरात हक्क पडतोच असे नाही. त्या श्रमिकांस कायद्याने ओळखले काय, हा खरा प्रश्न आहे.

हमालाचे उदाहरण घ्या. व्यापारी म्हणे, “हा माझा नोकर नव्हे. आज माझे पोते उचलतो, उद्या शेजाऱ्याचे उचलील. तो स्वतंत्र आहे.” त्या स्वातंत्र्याचा अर्थ एवढाच की, पाठ मोडली तर औषधाचा खर्च हमालाचा आणि म्हातारपण आले तर उपासही त्याचाच. पुण्यात बाबांची हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांची माथाडी संघटना याच कोड्याशी झगडत होत्या. त्यातून 1969 साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. एक मालक सापडत नाही ना? मग मंडळ स्थापावे, त्याच्या वहीत हमालाचे नाव नोंदवावे, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिजवरील लेव्ही मंडळात भरावी, व तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधोपचार यांची सोय व्हावी, अशी ती योजना. पुढे 1993 साली पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत बाबांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली. त्यात बहुसंख्य आपल्याच दलित समाजातील भगिनी होत्या. महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र त्यांच्या हाती आले, तेव्हा चोर म्हणून हटकल्या जाणाऱ्या बाईस प्रथमच कामकरी हे नाव मिळाले.

हा ‘स्वतंत्र’पणा आपल्या समाजास नवीन आहे काय? वतनदार महाराची स्थिती आठवा. दिवसरात्र सरकारचे व गावाचे काम करावयाचे, पण वेतन सरकारने द्यावयाचे नाही. गावाने मर्जीप्रमाणे बलुते घालावे आणि महाराने ते दारोदार मागावे. काम घेणारा एक व देणारा दुसराच! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाविषयीचे बिल मांडले, ते या अनिश्चित मोबदल्यावर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 साल उजाडल्यावर झाला. घाम ज्याच्या कामी पडला त्याने दाम दिला पाहिजे, हा धडा त्या लढ्याने दिला.

न्यायालयासही हा धडा अपरिचित नाही. सौराष्ट्रातील मिठागरांवरील आगरी हंगामापुरते येत, मिठाच्या वजनावर मोबदला घेत आणि मदतीस आपली माणसे लावीत. कंपनीने त्यांस ठेकेदार म्हटले, पण 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस कामगार ठरविले. 1961 साली मात्र एका विडीकामगाराच्या खटल्यात उलट निकाल लागला. तेव्हा संसदेने 1966 साली विडी व सिगार कामगारांचा कायदा करून घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईसही त्याच्या कक्षेत घेतले. हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. सोलापूर शहरातील हजारो विडीकामगार भगिनींची दखल कायद्याने घेतली, ती अशी.

आता आपल्या श्रीपुराकडे पाहू. साखर कारखान्याचा हंगाम आला की माळशिरस तालुक्याच्या शिवारांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, मजुरी टनावर ठरलेली. नवराबायको मिळून एक ‘कोयता’! जी बाई पहाटे फडात उतरून मोळ्या डोक्यावरून वाहते, तिचे स्वतंत्र नाव हिशेबाच्या वहीत बहुधा नसते. अपघात झाला तर कारखानदार मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम नशिबाकडे. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. परंतु ज्याची नोंदच नाही, त्याच्यापर्यंत महामंडळ पोहोचणार कसे?

शहरांत गेलेली आपली शिकलेली मुलेही आज याच फेऱ्यात सापडली आहेत. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणास कंपनी नोकर म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. नफ्यात वाटा नसलेला हा कसला भागीदार? 2020ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिने अशा कामगारांची व्याख्या केली आणि कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीतून एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली. हे पाऊल पुढचे आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु किमान वेतनाचा हक्क त्यांस अजून मिळालेला नाही. कल्याणनिधी ही उपकाराची भाषा ठरू नये. वेतन हा हक्क आहे.

म्हणून आमचे आपल्या कुटुंबांस आग्रहाचे सांगणे आहे. ऊसतोडीस जाणाऱ्याने आधी ग्रामसेवकाकडे आपली नोंद करावी, आणि नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव वेगळे घालावे. ई-श्रम कार्ड काढावे. उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. रक्कम व तारीख लिहून घ्यावी. टनाच्या पावत्या जपाव्यात. कोर्टात अश्रूंस किंमत नसते, पावतीस असते, हे वकिलीच्या अनुभवावरून आम्ही सांगतो.

धर्मांतराने आपण बलुत्याची लाचारी टाकली. ती नव्या नावाने परत दारात येत असेल, तर तिला ओळखणे आपले कर्तव्य नव्हे काय? बाबा आढावांच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. ज्या दिवशी फडातील प्रत्येक बाईचे नाव वहीत स्वतंत्र ओळीवर लिहिले जाईल, त्या दिवशी त्यांचा खरा सन्मान होईल.