संमेलन मुक्कामाचं हवं

आपल्या मंडळाचं यंदाचं उन्हाळी संमेलन विमानतळाजवळच्या हॉटेलातच उरकावं, असा कार्यकारिणीचा कल दिसतो. माझा त्याला विरोध आहे. संमेलन स्टुअर्टला न्यावं, आरव्हीच्या, म्हणजे राहत्या गाड्यांच्या, तळावर, आणि चांगला तीन रात्रींचा मुक्काम ठोकावा.

ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला, अलास्काच्या हद्दीला टेकलेलं हे गाव व्हँकुव्हरहून निदान दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे. हद्दीपलीकडे हायडर. तिकडे जाताना अमेरिकेची चौकी लागत नाही. परतताना कॅनडाचा अधिकारी मात्र कागद बघतो. म्हणजे भारतातून आलेल्या आईवडिलांचे व्हिसा आधी तपासून घ्यायचे, नाहीतर त्यांना अलीकडेच ठेवायचं.

‘इतक्या लांब कशाला?’ लांब आहे म्हणूनच. हॉटेलात पंगत उठली की निम्मी मंडळी गाडी काढून घरी जातात, उरलेली खोलीचं दार लावून घेतात. घर दोन दिवसांच्या रस्त्यावर असलं की कोणी उठून जात नाही.

तळ ठोकून संमेलन भरवणं काही नवं नाही. मी जबलपूरचा. बडा फुहाऱ्याकडून सराफ्यात जाताना कमानिया गेटखालून जावं लागे. रिक्षा, हातगाड्या, मधेच ठाण मांडून बसलेली गाय, आणि वर ती भारदस्त कमान. ती काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण काँग्रेस काही त्या बाजारात भरली नव्हती. 1939 च्या मार्चमध्ये शहराबाहेर, नर्मदेच्या बाजूला विष्णुदत्तनगर नावाचा तात्पुरता तळ वसवला होता. अधिवेशन शहरातून खेड्याकडे नेण्याची सुरुवात आपल्या खानदेशात, 1936 साली फैजपूरला झाली. तिथलं नगर नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून सजवलं होतं.

त्रिपुरीला थाट होताच. 52 वं अधिवेशन म्हणून 52 हत्ती, आणि अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणलेले, म्हणून रथात त्यांची तसबीर. डॉक्टर त्यांना जबलपूरच्या इस्पितळात हलवायला निघाले, तर अधिवेशन संपेपर्यंत तळ सोडणार नाही म्हणून ते अडून बसले. हत्तींपेक्षा मला हे मोठं वाटतं. अर्थात एकत्र राहिल्याने मनं जुळली, असं काही झालं नाही. तिथेच अध्यक्षांनी गांधींच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमावी असा पंत ठराव मंजूर झाला आणि एप्रिल संपायच्या आत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. तेव्हा स्टुअर्टला गेल्याने मंडळातले दोन गट गळ्यात गळे घालतील, असली थाप मी मारणार नाही. भांडण समोरासमोर होईल, ईमेलवर होणार नाही, एवढंच.

आता खरी अडचण, जी कोणी उघड बोलत नाही: संडासाची टाकी. आरव्हीत तो मैला आपणच रिकामा करायचा असतो. हातमोजे चढवायचे, जाड नळी गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला घट्ट बसवायची, आधी मैल्याची झडप उघडायची आणि मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम चुकला की घाण नळीतच राहते. गाडी भाड्याने देणारे हे पाच मिनिटांत शिकवतात, पण आपल्याकडच्या पुष्कळांना ते हाताला लावायचं नसतं. हॉटेल हवं असण्याचं मोठं कारण हेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 1901 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रतिनिधींनी केलेली घाण पाहून गांधींनी स्वतः झाडू हातात घेतला होता. स्वयंसेवक ‘हे आमचं काम नाही’ म्हणत होते. सव्वाशे वर्षांनी आपणही तेच म्हणायचं?

बाकीच्या तक्रारी किरकोळ. 30 ॲम्पियरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की वीज उडते. मग एका गाडीत भात, दुसरीत आमटी करावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी गावात खोल्या बघता येतील. जुलैअखेरीस गेलो तर हायडरजवळच्या फिश क्रीकवर सामन मासे खायला उतरलेली अस्वलं दिसतात. पोरं त्या आमिषाने आनंदाने येतील. खरकटं मात्र रात्री बाहेर ठेवायचं नाही.

कार्यकारिणीला हा बेत पसंत असेल तर जागा आत्ताच राखून ठेवावी. टाकीच्या पाळ्यांची यादी नावानिशी पुढच्या अंकात छापावी. पहिली पाळी अध्यक्षांची, दुसरी माझी.